दर ठरला, पण त्या दरात काय धरले आहे?

वाचकांचे प्रश्न : घरबांधणी

प्रश्न (सेलू, जि. परभणी येथील निवृत्त शिक्षक) : जुने घर पाडून त्याच जागी आम्ही नवे घर बांधले असून गिलावा पूर्ण झाला आहे. तळमजल्यावर सुमारे 1,000 चौरस फुटांत 2 बाय 2 च्या व्हिट्रिफाइड फरश्या बसवायच्या आहेत. आमच्याच गल्लीतील एक मिस्त्री नुसत्या मजुरीचे फुटाला 24 रुपये सांगतो, दुसरा 32 रुपये सांगतो आणि तिसरा गुत्तेदार फरशी, सिमेंट, वाळू सर्व धरून 115 रुपये म्हणतो. गल्लीतील मिस्त्री ओळखीचा आहे, परंतु निम्मी रक्कम उचल म्हणून आधीच मागतो. काम कोणाला द्यावे?

उत्तर : आपण कळवलेले तीन दर एकमेकांशेजारी ठेवून तोलता येणार नाहीत, कारण तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचे दर सांगितले आहेत. फरशीच्या कामातली बहुतेक भांडणे दर जास्त लागला म्हणून होत नाहीत; त्या दरात काय धरले आहे याविषयी मालकाच्या मनात एक असते आणि मिस्त्रीच्या मनात दुसरे, म्हणून होतात. आठव्या दिवशी ‘मालक, स्कर्टिंग वेगळं असतंय’ (स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेली फरशीची पट्टी) हे वाक्य ऐकायला मिळते, तोवर अर्ध्या घरात फरशी बसलेली असते आणि दुसऱ्याच्या अर्धवट कामाला हात लावायला कोणी मिस्त्री सहजासहजी तयार होत नाही.

त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे तिघांनाही प्रत्यक्ष साईटवर बोलावून, एकाच कागदावर लिहिलेले एकच काम दाखवून पुन्हा दर घ्यावेत. त्या कागदावर मोजमापाची पद्धत आधी लिहावी : जमीन चौरस फुटाने, स्कर्टिंग रनिंग फुटाने, न्हाणीघर व स्वयंपाकघरातील भिंतींचा डेडो (भिंतीच्या खालच्या भागावरील फरशी) दरवाजा-खिडकी वजा करून, पायऱ्या नगाने. मग खर्च कोणाचा, हे लिहावे. फरशी कापण्याच्या चकत्या, दोन फरश्यांत सारखी फट राखणारे स्पेसर, सांधे भरण्याचे ग्राउट, कोपऱ्यांची 45 अंशांची घासाई, नळासाठी पाडायची छिद्रे, फरशीच्या पेट्या रस्त्यावरून आत आणणे आणि शेवटी राबिट (राडारोडा) उचलून नेणे, या प्रत्येक बाबीपुढे ‘मालक’ किंवा ‘मिस्त्री’ असा एक शब्द असला की पुरे. पाणीही यातच लिहावे. मोठ्या शहरातील वाचकाला हे हास्यास्पद वाटेल, परंतु एप्रिल उलटल्यावर आपल्याकडे टँकर मागवण्याची वेळ आली की त्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून काम दोन-दोन दिवस बंद पडलेले मी पाहिले आहे.

चोवीस आणि बत्तीस यांतला फरक बहुधा फरशी कशावर बसवणार यात दडलेला असेल, म्हणून तो मुद्दाम विचारून घ्यावा. व्हिट्रिफाइड फरशी जवळपास पाणी शोषत नाही. मानकाप्रमाणे तिचे जलशोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असते. भिंतीची साधी सिरॅमिक फरशी मात्र भरपूर पाणी पिते, म्हणूनच ती पाण्यात भिजवून सिमेंटवर बसवण्याची जुनी रीत आहे आणि ती टिकते. तीच रीत व्हिट्रिफाइड फरशीला लावली, तर सिमेंटच्या घोळाला फरशीच्या गुळगुळीत पाठीत शिरायला वाटच मिळत नाही. अशा फरशीसाठी पॉलिमर असलेले अ‍ॅडहेसिव्ह, ज्याला साईटवर सरसकट ‘केमिकल’ म्हणतात, ते वापरणे योग्य. खाली पक्का, समपातळीतला कोबा करून त्यावर दातेरी पट्टीने अ‍ॅडहेसिव्ह पसरावे लागते, आणि या दुहेरी कामाचे मिस्त्रीने जास्त पैसे मागितले तर ते वाजवी आहेत. अ‍ॅडहेसिव्हच्या पोत्यावर आयएस 15477 हा मानक क्रमांक आहे का, ते पाहावे. मात्र चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवून वर फरशी दाबणारा मिस्त्री ‘केमिकल’ वापरत असला तरी त्याला काम देऊ नये. मधली जागा पोकळ राहते आणि पुढे तिथे गॅसची टाकी जरा आदळली तरी फरशीला तडा जातो.

सर्व साहित्यासह 115 रुपये सांगणाऱ्या गुत्तेदाराची सोय नाकारण्याचे कारण नाही, विशेषतः मालक परगावी नोकरीला असेल तर. परंतु आपण निवृत्त आहात आणि रोज साईटवर जाऊ शकता, तेव्हा माझे मत असे की फरशी आपण स्वतः घ्यावी आणि बसवण्याचे गुत्ते द्यावे. साहित्यासह दरात फरशीचा दर्जा हाच सर्वांत सैल दुवा असतो. ‘चांगल्या कंपनीची’ या शब्दांना काही अर्थ नाही. कंपनी, मालिकेचे नाव, आकार, जाडी, डबल चार्ज (रंगाचा जाड थर दाबून बसवलेली) की जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड, वरचा थर छापलेली), प्रीमियम की दुय्यम दर्जा, एवढे लिहून मिळत नसेल तर 115 हा दर स्वस्त की महाग हे ठरवताच येत नाही.

फरशी स्वतः घेताना पेटीचा हिशेब नीट करावा. 600 मिलिमीटरच्या चार फरश्यांची पेटी 1.44 चौरस मीटरची, म्हणजे साडेपंधरा चौरस फुटांची असते. दुकानात ती बोलण्यात 16 फुटांची होते. हजार फुटांना 16 ने भागले तर साडेबासष्ट पेट्या येतात, साडेपंधराने भागले तर साडेचौसष्ट. हा दोन पेट्यांचा फरक शेवटच्या खोलीत उघडा पडतो आणि तेव्हा त्याच छटेचा माल दुकानात उरलेला नसतो. आपल्याकडे विकली जाणारी बहुतेक फरशी गुजरातेतील मोरबीहून येते. एक लॉट संपला की पुढच्या लॉटची छटा थोडी निराळी निघू शकते. म्हणून पेट्या उतरवून घेताना प्रत्येक पेटीवरील शेड व बॅच क्रमांक एकच आहे हे पाहावे, कापाकापीसाठी काही पेट्या जास्त घ्याव्यात आणि काम संपल्यावर एक पेटी माळ्यावर ठेवून द्यावी. पक्के बिल घ्यावे, हे वेगळे सांगायला नको.

आता एक बाब थोडी खोलात जाऊन सांगतो, कारण मिस्त्री कसा आहे हे तिच्यावरून कळते. आपण ज्याला 2 बाय 2 म्हणतो ती फरशी पूर्ण दोन फुटांची नसते. ती 600 मिलिमीटर, म्हणजे 23.6 इंच असते. समजा खोली 12 फूट रुंद आहे, म्हणजे 3,658 मिलिमीटर. दोन्ही भिंतींचा गिलावा मिळून 24 मिलिमीटर गेला, तर 3,634 उरतात. सहा फरश्या आणि 2 मिलिमीटरचे सांधे मिळून 3,612 होतात, आणि एका भिंतीलगत जेमतेम 2 सेंटिमीटरची चिंधी उरते. एवढी पट्टी धड कापता येत नाही, बसली तरी टिकत नाही, आणि दारातून आत पाऊल टाकताच नजर तिच्यावरच जाते. घाईतला मिस्त्री एका भिंतीपासून सुरुवात करतो आणि शेवटी ती चिंधी सिमेंटने भरून टाकतो. जाणता मिस्त्री आधी दोरी ताणतो, गुण्या लावून खोली काटकोनात आहे का ते बघतो, फरश्या कोरड्याच मांडून पाहतो आणि मग मध्ये पाच पूर्ण फरश्या व दोन्ही बाजूंना फूटभर रुंदीचे सारखे तुकडे अशी मांडणी सुचवतो. यात प्रत्येक ओळीला एक फरशी जास्त लागते. सात ओळी असतील तर सात फरश्या, म्हणजे दोन पेट्यांना एक कमी. ‘मालक, माल जरा जास्त लागंल, पण खोली चांगली दिसंल’ असे जो पहिल्याच दिवशी सांगतो, त्याला फुटाला दोन रुपये जास्त द्यावेत असे मला वाटते.

मिस्त्रीचे काम पाहायचे तर त्याने गेल्या महिन्यात बसवलेली फरशी पाहू नये, ती सर्वांचीच चांगली दिसते. दोन-तीन वर्षे वापरात असलेले घर दाखवायला सांगावे. तिथे अनवाणी चालावे, म्हणजे दोन फरश्यांच्या कडांतला उंचसखलपणा तळव्याला लागतो. नाण्याने टकटक करून पाहावे. भरीव जागी आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी बद्द. घरमालकिणीची परवानगी घेऊन न्हाणीघरात एक बादली पाणी ओतावे आणि ते जाळीपर्यंत जाते का, हे पाहावे. या शेवटच्या परीक्षेबद्दल मी अनुभवाने बोलतो आहे. माझ्या स्वतःच्या घराच्या वेळी मी मिस्त्रीला तीन-तीनदा बजावले होते की काम ‘एकदम लेव्हल’ पाहिजे, आणि त्याने न्हाणीघरही एकदम लेव्हल करून दिले. पुढे चार वर्षे आम्ही खराट्याने पाणी ढकलत होतो. न्हाणीघरात चार फुटांना अर्धा ते पाऊण इंच उतार लागतो, आणि तो जाळीच्या दिशेने, हे मी तेव्हा कागदावर लिहिले असते तर फरशी पुन्हा फोडावी लागली नसती. न्हाणीघराच्या खालचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर त्यात किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस पाणी साठवून ठेवावे आणि ओल कुठे उतरत नाही याची खात्री झाल्याशिवाय त्यावर फरशी चढू देऊ नये.

राहिली उचल. मजुरीचे एकूण 24,000 रुपये होतात; त्यांतील 12,000 आधी देणे म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच आपला हात दगडाखाली देणे होय. परंतु मिस्त्रीचीही अडचण खरी असते. त्याला बिगाऱ्यांना आठवडी बाजाराच्या दिवशी पैसे द्यावे लागतात, आणि दिवाळीनंतर निम्मे हात ऊसतोडीला गेलेले असल्याने उरलेल्यांना धरून ठेवण्यासाठी रोख लागते. यावर सोपा मार्ग असा की साहित्य आणि माणसे साईटवर आल्याच्या दिवशी दहा टक्के, म्हणजे 2,400 रुपये द्यावेत. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी आदल्या आठवड्यात बसलेली फरशी टेपने दोघांनी मिळून मोजावी आणि तेवढ्याचे पैसे चुकते करावेत. आणि शेवटचे 2,400 रुपये ग्राउट भरून झाल्यावर पंधरा दिवस राखून ठेवावेत. त्या पंधरा दिवसांत नाण्याची आणि बादलीची परीक्षा करावी. पोकळ निघालेली फरशी मिस्त्रीने स्वखर्चाने काढून बसवायची, हेही त्याच कागदावर लिहावे. कागदाच्या दोन प्रती, दोघांच्या सह्या, आणि जमेल तेवढे पैसे बँकेतून किंवा मोबाइलवरून. ओळखीचा माणूस आहे म्हणून लिहून घेणे बरे दिसत नाही, असे आपल्या मनात येईल. ओळखीच्या माणसाशी बोलणे बंद होऊ नये म्हणूनच लिहून घ्यायचे असते, असे त्याला सांगावे. तो हसेल आणि सही करील.

प्रश्न (अंबाजोगाई येथील वाचक) : गेल्या वर्षी पाडव्याला आमच्या घराची वास्तुशांत झाली. यंदा मे महिन्यात एका दुपारी हॉलमध्ये फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि चार फरश्या तंबूसारख्या वर उचलल्या. दुकानदार म्हणतो बसवण्यात चूक आहे; गुत्तेदार आधी म्हणाला की तुमची जमीन काळी आहे, खचली असेल; आता तो फोनच उचलत नाही. व्यवहार तोंडी झाला होता. काही रक्कम रोख, काही मोबाइलवरून दिली. दाद कुठे मागावी?

उत्तर : जमीन खचली असती तर फरशी खाली गेली असती, वर आली नसती. आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जोत्यात काळी मातीच भरली असेल किंवा मुरूम थराथराने पाणी मारून धुमसला नसेल तर फरशी बसकण घेते, भिंतीलगत फट पडते आणि तडे एका रेषेत पुढे सरकतात. तो दोष फरशी बसवणाऱ्याचा नसतो, जोते भरणाऱ्याचा असतो. आपल्याकडे झालेला प्रकार निराळा आहे. उन्हाने फरशी किंचित प्रसरण पावते. फरशीला फरशी चिकटवून, स्पेसर न वापरता काम केलेले असेल आणि भिंतीलगतही फट ठेवलेली नसेल, तर तिला पसरायला जागा राहत नाही. त्यात खालची पकड कच्ची असेल तर एके दुपारी ती ताण सोडून वर उसळते. सांधा न दिसणारी फरशी लोकांना आवडते आणि मिस्त्री ती हौस पुरवतो, पण निदान 2 मिलिमीटरचा सांधा आणि स्कर्टिंगखाली झाकली जाणारी भिंतीलगतची फट या दोन्ही गोष्टी हव्यातच.

उचललेल्या चार फरश्यांपैकी एक पालथी करून पाहावी. तिच्या पाठीला मालाचा कणही चिकटलेला नसेल आणि पाठ घासलेल्या ताटासारखी स्वच्छ असेल, तर सिमेंटने ती कधी धरलीच नव्हती याचा तो पुरावा आहे. ती फरशी धुऊ नये, फेकू नये. दुरुस्तीपूर्वी सर्व बाजूंनी तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून पानभर पाहणी अहवाल लिहून घ्यावा. सबंध हॉलमध्ये नाणे वाजवून पोकळ फरश्यांवर खडूने फुल्या माराव्यात. अशा घरात चारच फरश्या सैल असतील हे संभवत नाही.

करार तोंडी होता म्हणून तो निरर्थक ठरत नाही. भारतीय करार कायदा, 1872 तोंडी करारही मानतो. अडचण सिद्ध करण्याची असते, आणि ती मोबाइलवरील देयकांच्या नोंदी, संदेश व शेजाऱ्यांची साक्ष यांनी बरीच दूर होते. प्रथम गुत्तेदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पंधरा दिवसांत दुरुस्ती करण्यास सांगावे. उपयोग झाला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बीडच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे, म्हणून गुत्तेदार दुसऱ्या जिल्ह्यात कामाला गेला असला तरी आपली अडचण होत नाही. दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कारण नेमके कधी घडले यावर वाद घातला जाऊ शकतो, म्हणून काम संपल्याच्या तारखेपासूनच दिवस मोजावेत आणि वेळ दवडू नये. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहण्यास हरकत नाही.

एक फरक मात्र लक्षात घ्यावा. काम गुत्त्याने दिले असेल तर ती कायद्याच्या दृष्टीने विकत घेतलेली ‘सेवा’ होते. आपण स्वतः साहित्य आणून, स्वतः उभे राहून, रोजाने माणसे लावली असतील, तर समोरचा पक्ष त्याला ‘वैयक्तिक सेवेचा करार’ म्हणेल, आणि असा करार या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. दुकानदाराला मात्र या प्रकरणात ओढू नये असे मला वाटते. फरशी वाकडी, टवके गेलेली किंवा छटा निराळी असती तर गोष्ट वेगळी होती. तीही बसवण्यापूर्वीच दाखवावी लागते.

प्रश्न (जालना येथील वाचक भगिनी) : स्वयंपाकघरात सासऱ्यांच्या काळातील शहाबादी फरशी आहे. ती न काढता तिच्यावरच नवी फरशी बसवता येईल का?

उत्तर : बसवता येते. शहाबादी पक्की बसलेली हवी, वाजवल्यावर पोकळ नको, तिच्यावरील तेलाचा थर धुऊन काढून पृष्ठभाग छिन्नीने खरबरीत करायला हवा आणि अ‍ॅडहेसिव्हच वापरायला हवे. जमीन पाऊण इंचाच्या आसपास वर येईल. दाराची फळी खालून कापावी लागेल, मोरीची जाळी वर उचलावी लागेल, आणि शेजारच्या खोलीशी पायरी तयार होईल, जिला घरातले वडीलधारे वर्षभर ठेचकाळतील. आपण विचारलेले नाही, तरी सांगतो : कलबुर्गी जिल्ह्यातील हा दगड आपल्या उन्हाळ्यात पायाला जसा गार लागतो तशी चकचकीत फरशी लागत नाही. फरशी जागोजागी फुटलेली नसेल, तर मशीनने पॉलिश करून आणि सांधे नव्याने भरून ती आणखी कितीतरी वर्षे वापरता येईल.

प्रश्न (उदगीर येथील वाचक) : आमच्याकडे 18 दिवस काम केलेला फरशी मिस्त्री बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करण्यासाठी 90 दिवसांचे प्रमाणपत्र लिहून मागतो. द्यावे का?

उत्तर : 18 दिवसांचे द्यावे, 90 दिवसांचे देऊ नये. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी मागील 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते, परंतु ते एकाच मालकाकडे केलेले असण्याची गरज नाही. खोट्या दिवसांवर सही केली तर उद्या चौकशीत आपले नाव येईल. त्याला वर्षभरातील इतर मालकांकडूनही असेच कागद गोळा करायला सांगावे. तो खरोखरच फरशीचे काम करीत असेल तर नोंदणी हा त्याचा हक्क आहे. रोज मशीनवर कोरडी फरशी कापताना उडणारी बारीक पूड त्याच्या फुप्फुसात जाते, ती आपल्याला फक्त खिडकीच्या गजांवर दिसते. पुढच्या वेळी मशीनला पाणी लावून कापायला सांगावे आणि त्या पाण्याची बादली आपणच भरून द्यावी.